नामदार गोखले आणि पगाराचे त्रैराशिक

केंद्र सरकारने २०२५ मध्ये आठवा वेतन आयोग नेमला. निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाला अहवालासाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. असा आयोग नेमला गेला की कचेऱ्यांतून आणि शिक्षकांच्या खोल्यांतून आकडेमोड सुरू होते. मूळ वेतनाला कितीने गुणणार, महागाई भत्ता त्यात मिळवणार की नाही, निवृत्तिवेतनाचे काय होणार, हे प्रश्न घराघरांत पोहोचतात. दुसरीकडे सरकारी नोकरांचे लाड पुरे झाले, असा सूरही उमटतो. या दोन्ही बाजूंच्या गदारोळात एका माणसाची आठवण सहसा कोणी काढत नाही. ते नाव गोपाळ कृष्ण गोखले यांचे.

मवाळ पक्षाचे पुढारी, भारत सेवक समाजाचे संस्थापक आणि गांधीजींचे राजकीय गुरू एवढी गोखल्यांची ओळख शालेय पुस्तकांतून होते. वस्तुतः त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात आणि शेवट या दोहोंच्या मुळाशी पगाराचा प्रश्न आहे. सरकारी खजिन्यातून कोणाला किती द्यावे, ते पैसे कोणाच्या खिशातून यावेत आणि ते दिल्यानंतर लोकांसाठी काय उरावे, या तीन गोष्टी एकमेकींपासून तोडून पाहता येत नाहीत, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या या प्राध्यापकाचे ते त्रैराशिकच होते.

पंधरा रुपयांतले आठ

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कृष्णराव कागलच्या जहागिरीत प्रथम कारकून आणि पुढे फौजदार होते. १८७९ मध्ये वडील वारले तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागलातच दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवू लागले. उरलेल्या ७ रुपयांत मागे राहिलेले घर चालत असे. छोट्या पगाराच्या नोकरीवर किती माणसांचे भवितव्य टांगलेले असते, हे गोखल्यांना कोणत्याही अर्थशास्त्राच्या ग्रंथापूर्वी या ८ रुपयांनी शिकविले.

१८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून १८८४ मध्ये त्यांनी बी. ए. ची पदवी मिळविली. त्या काळी इंग्रजी पदवीधराला सरकारी नोकरीची दारे उघडी होती आणि ओढग्रस्तीतून वर आलेल्या कुटुंबाची अपेक्षाही तीच असणार. गोखले मात्र पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा ३५ रुपयांवर शिक्षक झाले. मिळकतीला जोड म्हणून ते सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी शिकवणीचा वर्गही चालवीत. ज्या कारकुनीत ते स्वतः शिरले नाहीत, तिच्या उंबरठ्यावर उभे असलेले तरुण त्यांच्यासमोर रोज बसत होते.

पंचाहत्तर रुपयांची शपथ

१८८६ मध्ये गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. आजीव सदस्याने वीस वर्षे संस्थेची सेवा करावी आणि दरमहा ७५ रुपयांत समाधान मानावे, असा तो करार होता. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी वाङ्मय शिकविले, गणित शिकविले आणि पुढे इतिहास व अर्थशास्त्र हे विषय घेतले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालू लागले आणि त्याच्या मानधनाची बऱ्यापैकी जोड त्यांना मिळाली.

या संस्थेतच पगाराच्या प्रश्नावरून एक वाद पेटला आणि त्याचे चटके महाराष्ट्राच्या राजकारणाला पुढे दीर्घकाळ बसले. आजीव सदस्यांचे वेतन वाढवावे काय, त्यांनी बाहेर काम करून मिळकत करावी काय, या प्रश्नांवर टिळक आणि आगरकर यांच्यात मतभेद झाले. टिळकांचा आग्रह कडकडीत समतेचा आणि संपूर्ण वाहून घेण्याचा होता. आगरकरांना आणि त्यांच्या बाजूच्या सदस्यांना संसारी माणसाच्या गरजांचा विचार करावासा वाटे. गोखले आगरकरांच्या बाजूला होते, आणि त्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारणे हाही वादाचा एक विषय झाला. १८९० मध्ये टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. या कलहाच्या मुळाशी तत्त्वे आणि स्वभाव दोन्ही होते. परंतु त्यागावर उभारलेल्या संस्थेलाही वेतनाचा प्रश्न टाळता येत नाही, ही गोष्ट त्यातून पुरेशी स्पष्ट झाली.

न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली गोखल्यांचे खरे अर्थशास्त्रीय शिक्षण याच काळात झाले. सरकारी अहवाल वाचावेत, आकडे पडताळावेत, त्यांवरून निवेदने तयार करावीत, ती रानड्यांनी तपासून परत करावीत आणि पुन्हा लिहावीत, असा तो क्रम होता. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन त्यांनी केले. सरकारच्या खर्चाचे रकाने वाचण्याची जी दृष्टी त्यांना लाभली, ती या शागिर्दीतून.

वेल्बी आयोगापुढे

१८९५ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. दादाभाई नौरोजी त्याचे सदस्य होते. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गोखले हे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले. एप्रिल १८९७ मध्ये साक्ष झाली तेव्हा गोखल्यांना एकतीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. ७५ रुपयांचा एक प्राध्यापक साम्राज्याच्या जमाखर्चाची उलटतपासणी देण्यास उभा होता.

त्यांच्या साक्षीचा एक महत्त्वाचा भाग पगारांविषयी होता. वरिष्ठ जागांवर परदेशी अधिकारी ठेवल्यामुळे कारभार अतिशय महाग पडतो, हा त्यांतला पहिला मुद्दा. पगार, रजेचे वेतन, निवृत्तिवेतन अशा अनेक वाटांनी देशाचा पैसा देशाबाहेर जातो. दुसरा मुद्दा नैतिक होता आणि गोखल्यांना तो अधिक जिव्हाळ्याचा वाटे. राज्यकारभाराचा अनुभव ज्यांना मिळतो ते तो घेऊन मायदेशी परततात. ज्यांच्या देशाचा कारभार चालतो, त्यांना मात्र जबाबदारी पेलण्याची संधीच मिळत नसल्याने त्यांची कर्तबगारी खुरटते. पगाराच्या रकान्यात पैशाखेरीज माणसाची प्रतिष्ठा आणि वाढ यांचाही हिशेब असतो, ही जाणीव येथे स्पष्ट दिसते.

तिसरा मुद्दा आजच्या वाचकाला विशेष ओळखीचा वाटेल. चांदीचे भाव पडत गेल्याने रुपयाचे विलायती मोल घटत चालले होते. एके काळी सुमारे दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९०-९५ च्या सुमारास चौदा-पंधरा पेन्सांपर्यंत उतरला. घरी पैसे पाठविणाऱ्या युरोपियन अधिकाऱ्यांची तक्रार झाली आणि १८९३ मध्ये सरकारने त्यांना हुंडणावळीच्या नुकसानीबद्दल भत्ता मंजूर केला. चलनाचे मोल घसरले म्हणून पगारदाराला भरपाई देण्याचे तत्त्व सरकारने मान्य केले. मात्र ते वरच्या पायरीवरच्या परदेशी नोकरांपुरते. या भत्त्याचा बोजा ज्या रयतेने उचलायचा, तिची कोणतीही भरपाई कोणी करणार नव्हते. गोखल्यांनी या भत्त्यावर टीका केली. पुढे महागाई भत्ता हा प्रत्येक कारकुनाच्या आणि शिपायाच्या हक्काचा झाला. एका विशेषाधिकाराचा सामान्य नोकराच्या हक्कापर्यंत झालेला हा प्रवास लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्याच मुक्कामात गोखल्यांवर मोठा प्रसंग ओढवला. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांविषयी मित्रांच्या पत्रांवरून त्यांनी विलायतेत आरोप केले. परत आल्यावर त्यांना पुरावा देता आला नाही आणि त्यांनी सरकारची माफी मागितली. महाराष्ट्रात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. या अनुभवाची खूण त्यांच्या पुढील कामावर उमटलेली दिसते. कायदेमंडळातील त्यांच्या भाषणांत आकड्याच्या आधाराशिवाय केलेले विधान शोधूनच काढावे लागेल.

शिल्लक कोणाची?

मुंबईच्या कायदेमंडळात काम केल्यानंतर गोखले वरिष्ठ कायदेमंडळावर निवडून गेले आणि १९०२ मध्ये त्यांनी फर्ग्युसन कॉलेजचा निरोप घेतला. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत सतत शिल्लक पडत होती आणि सरकार ती देशाच्या भरभराटीची खूण मानीत होते. गोखल्यांनी हे गणित उलटून दाखविले. रुपयाचा दर सोळा पेन्सांवर आणून ठेवल्यामुळे विलायतेत द्यावयाच्या रकमांचा रुपयांतला बोजा उतरला. परंतु दर पडलेला असताना वाढविलेले कर मात्र तसेच राहिले. दुष्काळाने पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा अधिक घेतले जात होते म्हणून शिल्लक पडत होती. ही शिल्लक लोकांची आहे. तिच्यातून मिठावरचा कर कमी करावा, शेतकऱ्याला सूट द्यावी, शिक्षणावर खर्च वाढवावा, अशी त्यांची मागणी होती.

त्यांच्या मागण्यांत आयकराची किमान मर्यादा वर्षाला ५०० रुपयांवरून १,००० रुपयांवर नेण्याचीही मागणी होती. १९०३ मध्ये ती मान्य झाली. त्या वर्षापासून महिना ७५ रुपये, म्हणजे वर्षाला ९०० रुपये मिळविणारा शिक्षक किंवा कारकून आयकरातून सुटला. मिठावरील कर मणाला अडीच रुपये होता, तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. हे सारे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; काँग्रेसची ती जुनी मागणी होती. परंतु कायदेमंडळात दरवर्षी हिशेबाची वही उघडून तिच्यावर बोट ठेवण्याचे काम त्यांनी नेटाने केले.

पगाराच्या प्रश्नाचा धागा त्यांनी सोडला नाही. भारतीयांना सरकारी नोकऱ्यांत भरपूर वाटा मिळत असल्याचे लॉर्ड कर्झन यांचे सरकार एकूण संख्या दाखवून सांगे. गोखल्यांचे म्हणणे असे की, एकूण संख्या पाहून भागत नाही. मोठ्या पगाराच्या आणि अधिकाराच्या जागा कोणाच्या हाती आहेत, ते पाहिले पाहिजे. त्या काळची विषमता आज कल्पनेतही बसत नाही. व्हाइसरॉयचे वेतन वर्षाला २,५०,८०० रुपये होते. कर्झन यांच्याच १९०१ मधील अंदाजानुसार हिंदी माणसाचे दरडोई वार्षिक उत्पन्न ३० रुपये होते. म्हणजे राज्याच्या सर्वोच्च नोकराचा पगार आठ हजारांहून अधिक माणसांच्या सरासरी उत्पन्नाएवढा होता. मात्र हाच मापदंड लावला तर ७५ रुपये दरमहा मिळविणारा प्राध्यापकही त्या सरासरीच्या तीसपट मिळवीत होता. आपण ज्या मध्यमवर्गातून आलो त्याच्याही खाली एक अफाट जनसमूह आहे आणि तो मिठाच्या प्रत्येक चिमटीबरोबर राज्याला पैसे देतो, याचे भान गोखल्यांना होते. म्हणूनच पगाराविषयी बोलताना त्यांच्या नजरेसमोर पगार घेणाऱ्याइतकाच तो पुरविणाराही असे.

त्यागाचा अर्थ

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. समाज जी तरतूद करील तीत सदस्याने समाधान मानावे आणि स्वतःसाठी द्रव्य मिळविण्यात शक्ती घालवू नये, ही त्यातील एक प्रतिज्ञा होती. त्याच वर्षी ते बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९१४ मध्ये सरकारने देऊ केलेला 'सर' हा किताब त्यांनी नाकारला.

या त्यागी जीवनाचा दाखला पुढील काळात अनेकदा चुकीच्या ठिकाणी दिला गेला. शिक्षक वेतनवाढ मागू लागले की त्यांना गोखले-आगरकरांच्या ७५ रुपयांची आठवण करून देण्याची एक सोयीची प्रथा पडली. ही तुलना न्यायाची नाही. गोखल्यांनी घेतलेले कमी वेतन त्यांनी स्वतः निवडले होते. ज्या संस्थेसाठी ते घेतले, तिच्या कारभारात त्यांचा बरोबरीचा आवाज होता आणि बरोबरीचे सहकारी तेवढ्याच वेतनावर काम करीत होते. दुसऱ्याने कमी पगार घ्यावा, असे तत्त्वज्ञान त्यांनी सांगितले नाही. त्याग करणाऱ्याने तो स्वतः पत्करावा लागतो. मालकाने नोकरावर लादलेल्या काटकसरीला ते नाव शोभत नाही.

गोखल्यांना हा भेद कळत होता याची साक्ष त्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक देते. मार्च १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्वयंसेवकांच्या त्यागावर देशभरच्या शाळा चालतील, असे त्यांनी मुळीच गृहीत धरले नाही. स्थानिक संस्था आणि सरकार यांनी खर्च कसा वाटून घ्यावा, याचा विचार त्यांनी मांडला. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते विधेयक फेटाळले गेले. साम्राज्याच्या मोठ्या पगारांना कमी न पडणारा पैसा गावच्या शाळेपाशी येताच अपुरा ठरला.

शेवटचे काम

सरकारी नोकऱ्यांतील भारतीयांच्या वाट्याचा विचार करण्यासाठी आयोग नेमावा, असा ठराव मार्च १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात एन. सुब्बाराव यांनी मांडला आणि गोखल्यांनी त्याला पाठिंबा दिला. १९१२ मध्ये लॉर्ड इस्लिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. भरती, शिक्षण, पगार, रजा, निवृत्तिवेतन आणि भारतीयांवरील मर्यादा हे सारे विषय त्याच्याकडे होते. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले रॅम्से मॅक्डोनाल्ड त्याचे सदस्य होते. अब्दुर रहीम, महादेव भास्कर चौबळ आणि गोखले हे भारतीय सदस्य होते.

आयोगापुढील आकडे बोलके होते. १९१३ मध्ये दरमहा २०० रुपये आणि त्याहून अधिक पगाराच्या सुमारे ११,००० जागा होत्या. त्यांपैकी ४२ टक्के जागांवर भारतीय होते. ५०० रुपयांच्या वरच्या सुमारे ५,००० जागांत हे प्रमाण १९ टक्क्यांवर आले आणि ८०० रुपयांच्या वरच्या सुमारे २,५०० जागांत अवघे १० टक्के उरले. पगाराची पायरी चढावी तसे भारतीय नाहीसे होत जात, हे गोखले वर्षानुवर्षे सांगत होते. आता ते आयोगाच्या दप्तरात नोंदले गेले.

येथे भारतीय पक्षापुढे एक खरा पेच होता. भारतीय अधिकारी स्वस्त पडतील म्हणून त्यांना नेमावे, असे म्हटले तर कमी पगार मान्य करावा लागतो. आणि कमी पगार म्हणजे कचेरीत कमी दर्जा. १८७९ च्या नियमांखाली नेमलेल्या भारतीय मुलकी अधिकाऱ्यांना गोऱ्या अधिकाऱ्यांच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे. जगदीशचंद्र बोस यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजात कमी वेतन स्वीकारण्यास नकार देऊन तीन वर्षे पगारच घेतला नाही, तो याच भेदाविरुद्ध. उलट समान पगाराची मागणी केली, तर परदेशी दराचे पगार गरीब देशाच्या माथी कायम बसतात आणि काटकसरीचा मुद्दा ढिला पडतो. समान कामाला समान दाम आणि देशाच्या ऐपतीला साजेसा दाम, ही दोन तत्त्वे एकाच वेळी कशी सांभाळावीत? १९१९ नंतर परदेशी अधिकाऱ्यांना वेगळा सागरपार भत्ता देण्याची पद्धत आली, ती या पेचातून काढलेली एक वाट होती. मूळ पगाराचा स्तर मात्र चढाच राहिला.

गोखल्यांची प्रकृती या काळात ढासळत चालली होती. मधुमेह आणि हृदयाचा विकार बळावला होता. १९१२ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत गांधीजींबरोबर दौरा करून ते परतले आणि आयोगाच्या कामाला लागले. शहरोशहरी बैठका, साक्षीदारांची तपासणी, कागदांचे ढीग, पुन्हा विलायतेची वारी असे दोन वर्षे चालले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आयोगाच्या अहवालावर सह्या त्यानंतर झाल्या आणि महायुद्धामुळे तो १९१७ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. वरिष्ठ मुलकी सेवेतील एक-चतुर्थांश जागा भारतीयांना द्याव्यात, एवढ्यावर बहुमत थांबले. अब्दुर रहीम यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. गोखले हयात असते तर त्यांची सही कोठे पडली असती, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. देशाची अपेक्षा तोवर अहवालाच्या फार पुढे निघून गेली होती.

मागे उरलेला प्रश्न

इस्लिंग्टन आयोगाने पगारासाठी घालून दिलेली कसोटी मात्र टिकली. योग्य प्रतीची माणसे मिळविण्यास आणि त्यांना मोहापासून दूर, कार्यक्षम व प्रतिष्ठित राहता येईल अशा स्थितीत ठेवण्यास जेवढे आवश्यक तेवढे, आणि तेवढेच, सरकारने द्यावे, असा तिचा आशय होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने सरकारी नोकराचा पगार सर्वसाधारणपणे ५०० रुपयांच्या वर असू नये असा ठराव केला. त्यामागे गोखल्यांच्या शिष्याची प्रेरणा उघड होती. १९४६ मध्ये न्यायमूर्ती वरदाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पहिल्या वेतन आयोगाने खालच्या नोकराच्या जगण्याचा विचार पुढे आणला आणि ३० रुपये मूळ पगार व २५ रुपये महागाई भत्ता असे किमान ५५ रुपये सुचविले. सातव्या आयोगाच्या शिफारशींनुसार १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या नोकराचे किमान मूळ वेतन १८,००० रुपये आणि कमाल २,५०,००० रुपये झाले. म्हणजे तळ आणि शिखर यांतील अंतर चौदा पटींपर्यंत आले. गोखल्यांच्या काळाशी तुलना करता ही प्रगती लहान नव्हे.

परंतु इस्लिंग्टन कसोटीच्या पोटात एक धोका होता. योग्य माणूस मिळविण्यास जेवढे लागेल तेवढेच द्यायचे असेल, तर बेकारीच्या दिवसांत योग्य माणूस फार थोड्यात मिळतो. ही कसोटी बाजाराच्या हाती दिली की प्रतिष्ठेचा शब्द तिच्यातून गळून पडतो. महाराष्ट्रात २००० पासून शिक्षणसेवकाची पद्धत आली. तीन वर्षे ठराविक मानधनावर काम करायचे आणि मग वेतनश्रेणीत जायचे. हे मानधन १ जानेवारी २०२३ पासून वाढविले गेले, तरी प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाला मिळालेली रक्कम १६,००० रुपये होती. केंद्राच्या तळच्या नोकराचे २०१६ मधील भत्त्यांविना मूळ वेतन त्याहून २,००० रुपयांनी अधिक होते. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांची आणि कचेऱ्यांत कंत्राटावर बसणाऱ्यांची स्थिती निराळी नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या नोकरांनाही समान कामाला समान वेतनाचे तत्त्व लागू असल्याचे सांगितले. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाहेरच्या कंपन्यांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा निर्णय घेतला आणि तीव्र विरोध झाल्यावर त्याच वर्षी तो मागे घेतला. एकाच खोलीत, एकाच फळ्यासमोर उभ्या असलेल्या दोघांना निरनिराळ्या दराने मोजण्याची गोखल्यांच्या काळची रीत वर्णाच्या आधारावर होती. आता तिला नेमणुकीच्या आदेशातील एका शब्दाचा आधार पुरतो.

श्रेणीतल्या नोकरांनाही गोखल्यांचे त्रैराशिक अडचणीचे वाटण्याजोगे आहे. आयोगाकडे मागणी नेताना त्यांनी पगार पुरविणाऱ्याचा विचार करावा, असे ते सांगते. मिठावरचा तो कर गेला, तरी काडेपेटीपासून चपलेपर्यंत खरेदी करणारा मजूर आजही वस्तूंवरील करांतून तिजोरी भरतो, आणि त्याला कोणताही वेतन आयोग नाही. त्याच्या मुलाला चांगली शाळा आणि त्याच्या अर्जाला वेळेवर उत्तर मिळाले, तरच नोकराच्या पगाराचे समर्थन त्याच्यासमोर करता येईल. सरकारलाही हेच त्रैराशिक सांगते की, वरची श्रेणी वाढवून खालची जागा रिकामी ठेवणे किंवा कंत्राटावर भरणे ही काटकसर नव्हे. ती रक्कम विद्यार्थ्याच्या आणि नागरिकाच्या नावावर खर्ची पडलेली असते.

कर्मचारी संघटनांनी आठव्या आयोगासमोर आपली बाजू हिरिरीने मांडावी. तो त्यांचा अधिकार आहे. परंतु त्या निवेदनांत श्रेणीबाहेर राहिलेल्या सहकाऱ्यांसाठी एखादे कलम असेल काय? गोविंदरावांसारखे पंधरा रुपयांतले आठ रुपये दुसऱ्याच्या शिक्षणासाठी बाजूला काढणारे भाऊ आजही घरोघरी आहेत आणि त्यांतले पुष्कळ जण श्रेणीबाहेरच राबत आहेत. आयोगाच्या अहवालाची बेरीज त्यांना वगळून केली, तर ती कितीही बिनचूक असली तरी गोखल्यांच्या हिशेबात अपुरीच ठरेल.